त्याच्या खांद्याकडे बघणारी

चाकांच्या अलाइनमेंटच्या दुकानात माझी गाडी यंत्रावर चढवली होती. कित्येक महिने ती डावीकडे ओढत होती आणि मी स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरत ती चालवत होतो. मेकॅनिकने आतल्या कडेने झिजलेला टायर दाखवला. "साहेब, इतके दिवस कळलं नाही?"

शेजारी माझ्याच वयाचं एक जोडपं थांबलं होतं. त्यातली बाई दुसऱ्या मेकॅनिकला सांगत होती, "यांना काही जाणवत नाही हो. पण गाडी चालवताना यांचा खांदा ताठतो, ते मला दिसतं."

तो गृहस्थ नुसता हसला. मला त्याचा विलक्षण हेवा वाटला. आपल्या खांद्याकडे कुणी इतकं बघत असावं! बघणारं कुणी नसलं की माणूसही असाच एका कडेने झिजत जात असेल.

परतताना गाडी अगदी सरळ धावत होती, मी मात्र धुमसत होतो. घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं, जरा टोचूनच.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "मी दोनदा म्हटलं होतं, गाडी डावीकडे जातेय. तुम्ही गाण्याचा आवाज वाढवलात."