कार्लच्या ग्लोव्हमधून सुटलेला झेल

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं आहे तरी काय त्यात — कॉलेजातली एक बेसबॉलची मॅच, तीही ऐंशीच्या दशकातली. पण आता पन्नाशी उलटली. तुम्हाला सांगूनच टाकतो.

मिशिगनमध्ये एम.एस. करत होतो. युनिव्हर्सिटीच्या बेसबॉल टीमला स्कोअरर हवा होता. मी दादरला क्लब क्रिकेटच्या वह्या लिहिलेल्या — चोख, खाडाखोड न करता. कोचनी काम दिलं, सोबत नियमांचं पुस्तक दिलं. वाचलं का मी ते? चाळलं. स्कोअरिंग ते स्कोअरिंग, असा माझा तोरा.

घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. आमचा पिचर, म्हणजे तिथला गोलंदाज, डेल शेवटच्या वर्षाला होता, आणि त्या दिवशी समोरच्यांना त्याच्याकडून एकही हिट, म्हणजे धावून बेस गाठण्याइतका टोला, मिळत नव्हती. सामना असाच संपला तर त्याला नो-हिटर म्हणतात. टीमच्या इतिहासात तो कधीच झाला नव्हता. सातव्या डावात एक सोपा झेल उडाला. शॉर्टस्टॉपच्या जागी क्षेत्ररक्षणाला उभ्या कार्लच्या ग्लोव्हमध्ये आला — आणि सुटला.

क्रिकेटमध्ये सुटलेल्या झेलाची वहीत नोंद नसते, धाव फलंदाजाचीच. बेसबॉलमध्ये ती चूक क्षेत्ररक्षकाच्या नावावर 'एरर' म्हणून लिहितात, फलंदाजाला हिट मिळत नाही; चेंडू ग्लोव्हला लागलाच नाही, तर मात्र सहसा हिट. माझ्या हातानं सवयीनं हिट लिहिली. फलकावर शून्याचा एक झाला.

शेजारी माझा नागपूरचा रूममेट मिलिंद होता. "अबे, हातातून सुटला ना यार! एरर आहे तो. शिवाजी पार्क समजून राहिला का?"

चूक तेव्हाच कळली. खोडरबर समोर होतं. का नाही खोडलं? — या परदेशी पोराला खेळ कळत नाही, असं कुणी म्हणेल म्हणून. एवढंच.

बाकी एकही हिट गेली नाही. सामना संपल्यावर कोच माझ्या टेबलाशी आले, मागोमाग कार्ल. "ग्लोव्हला लागला होता, कोच. चूक माझी आहे. डेलचा नो-हिटर आहे हा."

कोचनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी — मी शांतपणे म्हणालो, "नाही लागला. त्याला चेंडू दिसलाच नाही."

"मित्रासाठी थापा मारू नकोस, कार्ल," कोच म्हणाले. "स्कोअरर कुणाच्या बाजूचा नसतो."

कार्ल लालबुंद झाला, आणि गेला. स्वतःची चूक आपणहून कबूल करायला आलेला मुलगा — त्याला मी खोटारडा ठरवलं होतं. डेलचा विक्रम गेला, तो वेगळाच.

पुढच्या वर्षी टीमच्या इतिहासाची पुस्तिका निघाली. टंकलेखन माझ्याकडे. 'आजवर एकही नो-हिटर नाही' — हे वाक्य मी स्वतः टाइप केलं. तेव्हाही बोलता आलं असतं, नाही का?

गेल्या आठवड्यात तीन पत्रं लिहिली. कार्लला, डेलला, युनिव्हर्सिटीला. तिन्हींत मजकूर एकच, चार ओळींचा. पोस्टातून परतताना गाडी चालवता चालवता चक्क गुणगुणत होतो. इतकं सोपं होतं हे? मग इतकी वर्षं — जाऊ दे.

चेंडू ग्लोव्हला लागला होता. मी पाहिलं होतं. कार्ल खरं बोलत होता.