सतरा रायफली आणि एक स्वयंपाकघर

"रिकामी आहे रे, रिकामी आहे," असं म्हणत ते रायफल हातात द्यायचे. आधी स्वतः तिची लिव्हर खाली ओढून वर करायचे, खटाक-खट, डोळे मिटून तो आवाज ऐकायचे, आणि मग जावयाला आहेर द्यावा तशी दोन्ही हातांनी ती माझ्यापुढे धरायचे.

या माणसावर मी अजून चिडलेला आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे आवाज चढला तर तुम्ही समजून घ्याल.

परदेशातल्या मिल्टन गावच्या नव्या वसाहतीत आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. नोकरी एकाच कारखान्यात, त्यामुळे जाणं-येणं त्यांच्याच गाडीतून. मूळचे नागपूरचे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, डोक्याने तल्लख. सगळे त्यांना दादा म्हणत. कामावरच्या एका गोऱ्या मित्राने त्यांना एकदा शिकारीला नेलं. समोर हरीण आलं आणि यांनी बंदूक खाली केली. "त्याने माझ्याकडे पाहिलं न बे," एवढंच कारण. पुन्हा कधी शिकारीला गेले नाहीत. पण मित्राच्या हातातली ती लिव्हरची रायफल त्यांच्या मनातून गेली नाही. रीतसर कोर्स केला, लायसन्स काढलं आणि पहिली रायफल घरी आणली.

तुम्ही पाहिली नसेल तर सांगतो. ट्रिगरभोवती लोखंडी कडी असते, तीच लिव्हर. ती खाली ओढली की वापरलेलं काडतूस बाहेर उडतं, वर केली की नळीतलं पुढचं काडतूस जागेवर येतं. बस. "शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाने बनवलंय हे," ते म्हणायचे. "आणि आपण दिवसभर कम्प्युटरवर काय बनवतो? ड्रॉइंगची ड्रॉइंगं." मला ते पटायचं. त्यांच्याबरोबर रेंजवर जाऊन मीही गोळ्या झाडल्या आहेत. खांद्याला बसणारा तो धक्का, तेलाचा वास, अक्रोडाच्या लाकडाचा तो थंड गुळगुळीतपणा मला आवडला होता. म्हणून राग थोडा माझ्यावरही आहे.

तीन होत्या तोवर कौतुक होतं. सात झाल्यावर वहिनींचं शिवणयंत्र बेसमेंटमधून बेडरूमच्या कोपऱ्यात गेलं. "अजून एकच," असं म्हणत म्हणत सतरा झाल्या. त्यांची मुलगी देशाच्या दुसऱ्या टोकाला, सरेला असते. तिने फोनवर सांगितलं, मी बाळाला घेऊन त्या घरात येणार नाही. हे म्हणाले, "सगळं लॉक्ड आहे, लीगल आहे." ती म्हणाली, "बाबा, हू नीड्स सेव्हन्टीन?" हा किस्सा त्यांनी मला गाडीत हसत हसत सांगितला. नातू त्या उन्हाळ्यात आला नाही. वहिनींनी त्याच्यासाठी आणलेली तीनचाकी सायकल तशीच खोक्यात राहिली. यांना ते दिसलंच नाही.

मग फेब्रुवारीतला तो रविवार. भरदुपारी शेजारून धाडकन आवाज आला आणि पाठोपाठ आमचं दार वाजलं. बाहेर वहिनी. पायात घरातल्या सपाता, घोट्यापर्यंत बर्फ, आणि केसांत सगळी कणीक.

"भाऊजी, जरा बसू का तुमच्याकडे?"

"काय झालं?"

"खालून गोळी आली."

त्या फुलके करत होत्या. जमीन फोडून आलेली गोळी हातभर अंतरावरच्या कणकेच्या डब्यातून छतात गेली होती. माझ्या बायकोने त्यांना शाल दिली आणि मी तसाच धावलो.

बेसमेंटमध्ये हे स्टुलावर बसून टॉर्चने रायफलच्या नळीत बघत होते. मान वर न करता म्हणाले, "एक काडतूस आत अडकून राहिलं होतं रे. स्प्रिंग जाम झालेली. लिव्हर हलवली तसं सुटून वर आलं. इंटरेस्टिंग आहे."

"वर तुमची बायको उभी होती!"

"मी रिकामीच समजलो. नुसता खटका पाडून पाहत होतो." मग हळूच विचारलं, "लागलं नाही ना तिला?"

मला विचारलं! बारा पायऱ्या चढून वर गेले नव्हते. मी आयुष्यात कुणाला घातल्या नाहीत त्या शिव्या त्यांना घातल्या. हातातला टॉर्च बंद करायला त्यांना बटण सापडत नव्हतं. ते मला दिसलं होतं, पण त्या क्षणी मला ते दिसायला नको होतं.

मी वर येऊन फोन काढला तोवर वहिनीही मागोमाग आल्या. "पोलीस नको हं भाऊजी, लोक काय म्हणतील." त्यांच्याच स्वयंपाकघरात, सांडलेल्या कणकेवर उभं राहून मी पोलिसांना फोन लावला. दादा वर आले तेव्हा मी पत्ता सांगत होतो.

"तू? तू फोन करतोस?"

"हो. मीच करतोय."

पोलिसांनी सतराच्या सतरा नेल्या. हे दारात उभे राहून अधिकाऱ्याला सांगत होते, "प्लीज, लाकडाला ओरखडा नको." बायकोच्या केसांतली कणीक कुणी झटकली नव्हती.

त्यानंतर ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. सकाळी ते त्यांच्या गाडीवरचा बर्फ खरवडायचे, मी माझ्या. दहा फुटांचं अंतर. मग एकाच कारखान्याकडे दोन गाड्या निघायच्या. वहिनी मुलीकडे सरेला निघून गेल्या. चार महिन्यांनी यांनी घर विकलं आणि तेही तिकडे गेले. जाताना माझ्या दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन वर्षांनी कळलं, हृदयविकाराने गेले.

मी विमानाने सरेला गेलो. का गेलो ते विचारू नका. शोकसभेच्या हॉलमध्ये तिथली मंडळी जमली होती. नातू आजोबांच्या फोटोपुढची फुलं सारखी करत होता. एक गृहस्थ बोलायला उभे राहिले. म्हणाले, "दादांसारखा सरळ माणूस होणे नाही. घरात अपघात होता होता टळला, तर दुसऱ्या मिनिटाला त्यांनी स्वतः पोलिसांना फोन केला. स्वतःच्या हाताने सगळ्या बंदुका दिल्या. मला स्वतः सांगितलं होतं त्यांनी. किती लोक करतील असं?"

माझे कान तापले. मी खुर्चीतून अर्धा उठलोही. पहिल्या रांगेतून वहिनींनी मागे वळून पाहिलं. आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"खरंय," मी म्हणालो. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि खाली बसलो.