धुतलेले सापळे, बेघर उंदीर

उंदीर पकडायच्या परवान्याची मुदत रविवारी संपत होती, म्हणून शनिवारी सकाळीच कोल्हापूर सोडलं. निपाणीला महामार्ग सोडून उत्तूरमार्गे आजरा. रस्ता बरा आहे, वाटेतली मिसळ मात्र पोटाला जपून खा. हिरण्यकेशीच्या दोन्ही काठांवरच्या कातळसड्यांवर काटेरी उंदीर राहतात. ते एकाच कुळाचे की नदीने त्यांची घराणी कधीच वेगळी केली, हे त्यांची जनुकं वाचून शोधायला मी तीन वर्षं धडपडते आहे. कानाचा तीळभर तुकडा पुरतो, फक्त तो कुठल्या काठाचा हे ठाऊक हवं.

ज्यांच्याकडे उतरले त्या दत्तूमामांनी संध्याकाळी दोन्ही काठांवर पत्र्याचे सापळे लावायला मदत केली. घरी त्यांच्या पत्नीने, काकूंनी, घनसाळ तांदळाचा भात वाढला. त्या भातासाठी तरी आजऱ्याला जाच.

सकाळी उठून बघते तर सापळे अंगणात ओळीने वाळत घातलेले. पाहुणीचे पाय दवात भिजायला नकोत म्हणून मामा पहाटेच सगळे घेऊन आले होते. दोन्हीकडचे अकरा उंदीर एकाच डब्यात. काकूंनी सापळे राखेने घासले, कुठला काठ ते लिहिलेल्या वरच्या चिठ्ठ्याही गेल्या, आणि प्रत्येकात मूठभर काजू घातले. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं ना!

माझ्या मस्तकात तिडीक गेली. नको नको ते बोलले. प्रयोगशाळेतल्या मित्राला फोन केला, तर म्हणतो, जनुकं वाचूनच दोन गट पाड. अरे शहाण्या, जे शोधायचंय तेच आधी धरून चालायचं?

काकू चुलीपुढून शांतपणे म्हणाल्या, "कुठला उंदीर कुठला, ह्येला एवढं म्हत्त्व हाय म्हणून काल एका शब्दानं तरी बोललासा काय?"

नव्हते बोलले. सापळ्यात आमिषाला शेंगदाणे किती घालायचे तेवढं सांगितलं होतं.

मामांनी डबा पुढे केला. "आता ह्यास्नी सोडायचं कुठं? ह्या काठाला का त्या?"

चुकीच्या काठावर सोडले तर नदीने कदाचित युगानुयुगं वेगळी ठेवलेली घराणी मीच एकत्र करणार. म्हणून अकराही कोल्हापूरला आणले. आता मामांवरचा राग गेलाय, स्वतःवरचा जात नाही. काजूंना हात लावलेला नाही. उंदीर पिंजऱ्यात खुडबुडतात आणि त्यांच्या कानांचे तुकडे ठेवलेल्या अकरा बाटल्यांवरचा 'ठिकाण' हा रकाना कोराच आहे.