एकेचाळीस विहिरींची फ्लॉपी

परवा मुलीने माझ्या मोबाइलसाठी नखाएवढे मेमरी कार्ड आणले, चौसष्ट जीबीचे. "बाबा, तुमच्या फ्लॉप्या यात किती मावतील?" तिने थट्टेने विचारले. मी कागदावर भागाकार केला. चव्वेचाळीस हजारांहून अधिक. ती हसली. मला मात्र त्यांतली एकच आठवत होती, आणि तिच्याविषयी मी एका माणसाशी खोटे बोललो होतो.

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस शिरूरच्या एसटी स्टँडजवळ माझे संगणक-टंकलेखनाचे दुकान होते. इनामगावच्या बाजूचे, घोड नदीकाठच्या एका गावचे आप्पा बाजारच्या दिवशी माझ्यासमोर येऊन बसत आणि गावच्या विहिरी सांगत. कोणती कोणी खोदली, मुरूम कुठे संपला, काळा पाषाण कुठे लागला, पाणी किती परसांवर आले. हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची म्हणजे एक परस. आप्पांना दुसरे माप ठाऊक नव्हते. लिहिताही येत नव्हते. चार बाजारांत एकेचाळीस विहिरी झाल्या आणि एका फ्लॉपीत मावूनही पुष्कळ जागा उरली. फ्लॉपीच्या कोपऱ्यात एक बारीक खिटी असे. ती सरकवली की आतले काही पुसता येत नसे. ती मी त्यांच्यादेखत सरकवली. "आप्पा, आता कुलूप लागलं," असेही म्हणालो. छापील प्रत पुढच्या बाजारी द्यायची ठरली.

त्याच आठवड्यात त्यांच्याच गावची एक लग्नपत्रिका आली. मुलीकडचे लोक दौंडचे, म्हणून छपाईही दौंडच्याच प्रेसमध्ये. आमच्याकडच्या पत्रिकेत वधूवरांहून निमंत्रक महत्त्वाचे: सोसायटीचे चेअरमन, माजी सरपंच, झाडून सारी भावकी. एक नाव सुटले की मांडवात रुसवा ठरलेला. शेवटची नावे हाती आली तेव्हा जिच्यातून फ्लॉपी प्रेसला पाठवायची ती दौंडची गाडी फलाटाला लागली होती आणि माझ्याकडे कोरी फ्लॉपी नव्हती. समोरच्या दुकानात ती मिळाली असती. गाडी चुकली असती, एवढेच. गणपतीचे चित्र आणि फुलांची चौकट धरून पत्रिकेला अख्खी फ्लॉपी लागत होती. विहिरींची प्रत संगणकात असेल, असे मी स्वतःला सांगितले, नखाने खिटी मागे सारली आणि सारे पुसून टाकले. संगणकात प्रत नव्हती.

आप्पा आले तेव्हा मी म्हणालो, "फ्लॉपीला बुरशी लागली हो. उघडतच नाही."

"आसंल," ते म्हणाले, टोपी नीट केली आणि गेले. पुन्हा दुकानात आले नाहीत.

पुढे कैक वर्षे मी त्या काळातल्या जागेच्या टंचाईला दोष देत आलो. ते नखाएवढे कार्ड तळहातावर घेतल्यावर तो बचाव मला स्वतःलाच पटेना. जागा किती होती हा प्रश्नच नव्हता. खिटी आपोआप सरकत नाही.

रविवारी मी त्यांच्या गावी गेलो. आप्पा नव्वदीला टेकलेले, ओट्यावर ऊन खात बसलेले. ओळख दिली आणि घडले ते सरळ सांगितले. त्यांनी डोळे बारीक केले.

"कुणाच्या लग्नाची पत्रिका म्हनायची ती?"

मी घर सांगितले.

"माझं नाव व्हतं का तिच्यात?"

"होतं. निमंत्रकांत, तिसऱ्या ओळीत."

"तिसऱ्या? आन् चेअरमन?"

"पहिल्या."

"त्याच्या हिरीला तर कवाच पानी लागलं न्हाई!" आप्पा ताठ होत म्हणाले. आतून सूनबाईंचे हसू ऐकू आले.

मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पुसलं ते पुसलं," ते हळू म्हणाले. "पर खोटं कशापायी बोललास? फिरून सांगितल्या असत्या की म्या. तवा समद्या याद व्हत्या."

याचे उत्तर मी टाळले. "आज जेवढ्या आठवतील तेवढ्या सांगा," म्हणून मोबाइलचे रेकॉर्डिंग चालू करून तो त्यांच्यासमोर ठेवला.

आप्पा सांगत गेले. एकोणीस विहिरी झाल्या. विसावीला ते अडले. "वढ्यापल्याडची... पाच परस का सात?" मी म्हणालो, "अंदाजे सांगा."

"आंदाजानं हीर सांगत न्हाईत," आप्पांनी मलाच दटावले आणि हाताने पुरे म्हटले.

तो आवाज त्या कार्डात कुठल्या कुठे मावला. घरी येऊन मी सारे टंकले आणि या वेळी प्रती तीन ठिकाणी ठेवल्या. छापताना वीस ते एकेचाळीस हे आकडेही घातले आणि त्यांच्यापुढची जागा कोरी सोडली. ती कोणामुळे कोरी आहे, ते तळाशी लिहून सही केली. पुढच्या रविवारी आप्पांना सारे वाचून दाखवले, तळाच्या ओळीसकट.