शकुंतलाबाईंच्या मुठीतला फ्यूज

शकुंतलाबाई गेल्याचं मला सोसायटीच्या फळ्यावरून कळलं. ‘आपल्या सर्वांच्या लाडक्या’ असं खडूनं लिहिलं होतं. लाडक्या! गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत त्यांना जिवंतपणी कुणी कधी चहाला बोलावलं नव्हतं. सातपूरच्या कारखान्यात वीस वर्षं विजेच्या मोटारींवर तांब्याची तार गुंडाळणारी, तळमजल्यावर मुलीसोबत राहणारी आणि भर मीटिंगमध्ये ‘तुमची वायरिंग बेकार हे’ म्हणून सांगणारी बाई... आम्हा पदवीधरांना ती कशी पचावी?

नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट, जानेवारी महिना. कोरडी थंडी. जिन्याच्या लोखंडी कठड्याला हात लावला की मुंग्या यायच्या. चेअरमननी निकाल दिला, “स्थिर विद्युत. स्वेटरमुळे होतं.” गृहस्थ इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, तरी आम्ही माना डोलावल्या. मग एका सकाळी जिना पुसणाऱ्या पारूबाईंचा ओला हात कठड्याला चिकटला. शकुंतलाबाईंनी धावत जाऊन मेन स्विच पाडला, तेव्हा कुठे त्या सुटल्या.

“स्वेटरचा झटका एकदा बसतो अन् जातो,” शकुंतलाबाई चेअरमनना म्हणाल्या. “ह्यानं बाईला धरून ठेवलं. वायर कुठंतरी कठड्याला लागलीय, अन् अर्थिंग नाय.”

“संध्याकाळी माझ्या मुलीचा साखरपुडा आहे. उद्या बघू. आत्ता तेवढं चालू करा.”

शकुंतलाबाईंनी मेनचा फ्यूज काढून मुठीत धरला आणि मीटरच्या खोलीसमोर स्टूल टाकून बसल्या. पाहुणे मेणबत्त्यांच्या उजेडात जिना चढले. ‘या बाईंचं डोकं ठिकाणावर नाही, त्यांना जागा सोडायला सांगावं’ असा अर्ज लगेच तयार झाला. अक्षर बरं म्हणून तो मी लिहिला. पहिली सही माझीच. पारूबाई कशा आहेत हे विचारायला मात्र आमच्यातलं कुणी गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी वायरमननं जिन्याच्या दिव्याची वायर सोडवली. कठड्याला घासून तांबं उघडं पडलं होतं. नवी वायर आली, अर्थिंग झालं. माफी कुणी मागितली नाही. आणि आता त्या गेल्यावर शोकसभेत तेच चेअरमन डोळ्यांना रुमाल लावून म्हणाले, “त्यांच्यामुळे आपण सुरक्षित होतो.” किळस आली. पण मीही मान खाली घालून ऐकतच बसलो, म्हणजे त्यांच्यातलाच.

दोन आठवड्यांनी शकुंतलाबाईंच्या मुलीला, सुनंदाला, भेटायला गेलो. अर्जाचं कसंबसं सांगितलं.

“आईला माहीत होतं,” ती म्हणाली. “म्हणायची, अक्षर चांगलंय.”

तेवढ्यात दुपारचं लोडशेडिंग सुरू झालं. सुनंदानं उठून फ्रिज, टीव्ही, पंखा, एकेक बटण बंद केलं. मला उठवेना. मी तसाच बसून राहिलो. बऱ्याच वेळानं वीज आली. तिनं आधी स्वयंपाकघरातला एकच दिवा लावला आणि त्याचा उजेड स्थिर होतो का ते बघत उभी राहिली.

“व्होल्टेज नीट दिसलं की मगच बाकीचं. आईचं ठरलेलं...”

चांगली दोन मिनिटं ती तशीच उभी होती. मीही उठून उभा राहिलो.