सुट्या इंजिनाचं विमान

दातवाल्यांच्या कपाटात सगळ्यांत खालच्या खणात बिस्किटांचा एक डबा होता, आणि त्या डब्याला ते तीन वर्षं घाबरत होते. आत तेलकट फडक्यात गुंडाळलेलं अडीच सीसीचं इंजिन. मुठीत मावेल एवढंच, पण डबा नुसता हलला तरी ते खोलीबाहेर पडायचे.

माणूस जन्माचा भित्रा नव्हता. दिवसभर कवळ्या बनवायच्या आणि रविवारी मैदानावर स्वतः बांधलेली विमानं उडवायची, हा त्यांचा क्रम. तीन वर्षांपूर्वी असंच एक रिमोटचं विमान हाताबाहेर गेलं आणि थेट बायकोच्या घडीच्या खुर्चीकडे झेपावलं. तिच्यापासून हातभर अंतरावर जमिनीत घुसलं. विमानाचा भुगा झाला, इंजिन तेवढं धड राहिलं. "मी ओरडलो होतो गं, पळ म्हणून. इंजिनाच्या आवाजात तुला ऐकूच गेलं नाही," असं त्यांनी तिला त्याच दिवशी सांगितलं आणि पुढे भेटेल त्याला सांगत राहिले. खरं तर त्यांच्या तोंडून चकार शब्द निघाला नव्हता.

आता बायकोच हात धुऊन मागे लागली होती. "इंजिन गंजून जाईल अशानं. त्याच्याजोगं एखादं विमान घेऊ या."

दोघं विमानांच्या दुकानात गेले. दुकानदारानं इंजिन हातात घेऊन पाहिलं आणि एक छोटं विमान पुढे केलं. "हे घ्या. गोळीसारखं सुटेल." दातवाल्यांनी ते चटका बसल्यासारखं परत ठेवलं. दुसरं जरा मोठं, अगदी त्याच मापाच्या इंजिनासाठी केलेलं. त्याची शेपटी त्यांना उगाचच वाकडी दिसली. मग त्यांची नजर छताला टांगलेल्या एका धुडावर गेली. पंख माणसापेक्षा लांब. "हे द्या," ते म्हणाले.

"अहो दातवाले, याला चौपट ताकदीचं इंजिन लागतं. हे जागचं हलणार नाही!"

"हेच द्या."

बायकोनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे न उडणारं विमान हवंय तुम्हाला."

दातवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मात्र दुकानदाराकडे वळली. "मोकळं सुटणार नाही असं काही आहे का हो?"

होतं. तारेचं विमान. विमानाला जोडलेल्या बारीक तारांची मूठ धरून मधे उभं राहायचं. ते आपल्याभोवती गोल फिरतं, तारेपलीकडे जात नाही. इंजिन बसवायच्या स्क्रूंची भोकंसुद्धा तंतोतंत जुळली. दातवाल्यांच्या जिवात जीव आला, पण तो फार टिकला नाही. विमान बांधून देताना दुकानदार म्हणाला, "कडेला एकानं चालू विमान धरून बसायचं. मधला 'सोड' म्हणून ओरडला की सोडायचं आणि मागे पळायचं. त्याआधी नाही."

"मी धरते," बायको म्हणाली.

रविवारी मैदानावर ती विमानामागे गुडघे टेकून बसली. इंजिन चालू करायला दातवाल्यांनी विमानाच्या नाकावरचा पंखा बोटानं फटकावला; चार वेळा तो नुसताच फिरून थांबला.

"ऐका," ती शांतपणे म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही ओरडला नव्हतात. मी तुमच्याकडेच बघत होते. तोंड उघडं होतं, आवाज नव्हता."

"तुला... तेव्हापासून माहीत आहे?"

"मला तरी कुठे पळता आलं? पायच उचलेनात. पण आज ओरडा. नाहीतर मी अशीच धरून बसेन."

पाचव्या फटक्याला इंजिन पेटलं. तिच्याकडे पाठ करून, मधे ठेवलेल्या मुठीपर्यंत पंधरा पावलं चालायची होती. ती त्यांना जन्मभराची वाटली. मूठ उचलून ते वळले. विमान तिच्या हातांना हिसके देत होतं, पंखा तिच्या तोंडापासून जेमतेम दीड हातावर फिरत होता. त्यांनी तोंड उघडलं. आवाज नाही. तिनं विमान सोडलं नाही. ती त्यांच्याकडेच बघत होती.

"सोड!"

मैदानाच्या टोकाला झोपलेलं कुत्रं दचकून उठलं. विमान सुटलं, तारा ताणल्या गेल्या, आणि दातवाले गरगर फिरत बोंबलू लागले, "पळ! अगं, मागे पळ!"

ती केव्हाच मागे जाऊन खुर्चीत बसली होती. विमानाची दहावी फेरी झाली तरी ते ओरडतच होते.