नाकाची नोकरी

‘हात.’

दार उघडलं की ताई एवढंच म्हणायच्या. ‘या’ नाही, ‘बसा’ नाही. छडी खायला पुढे करावा तसा मी हात पुढे करायचो. मग त्या माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला काहीतरी चोळायच्या. कधी ओल्या साबणाची चकती असायची, कधी बोटाच्या टोकावर घेतलेला लिप बाम. मनातल्या मनात वीसपर्यंत मोजायचं, मग हुंगायचं, आणि मग बोलायचं, असा क्रम होता.

‘छान आहे,’ मी म्हणायचो.

‘छान हा शब्द या घरात चालत नाही. कसा आहे ते सांगा.’

तुमच्याही इमारतीत असं एखादं माणूस असेल. घरी काहीतरी करणारं, आणि जिन्यात गाठून ‘जरा चव बघा’ म्हणणारं. तिथे ‘छान’ म्हटलं की सुटका होते. आमच्याकडे तिथून उलटतपासणी सुरू व्हायची.

त्या माझ्या बरोबर वरच्या मजल्यावर राहायच्या. विश्रांतवाडीतली आमची सोसायटी जुनी, तीन मजल्यांची, लिफ्ट नसलेली. खडकीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात त्यांनी सगळी नोकरी काढली होती. तिथे काय तपासायच्या, असं विचारलं की ‘जे पुढ्यात येईल ते’ म्हणायच्या. यजमान लवकर गेले होते. मुलगी बंगळूरला होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरात साबण करायला घेतले: वाळा, नागरमोथा, सोनचाफा, कडुनिंब. जोडीला मधमाशीच्या मेणाचे आणि कोकमाच्या तेलाचे लिप बाम. कॉस्टिक सोडा कालवताना डोळ्यांवर मोठा चष्मा आणि हातात कोपरापर्यंतचे मोजे चढवायच्या. पहिल्यांदा त्या वेषात त्यांनी दार उघडलं तेव्हा मी चुकून ‘नंतर येतो’ म्हणून दोन पायऱ्या उतरलोसुद्धा होतो.

सगळी सोसायटी त्यांना ताई म्हणायची. मीही. त्या मला ‘ग्रंथपाल’ म्हणायच्या, कारण मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आयुष्य काढलं होतं. माझी पत्नी जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. मी दिवसभर वाचत बसायचो. आज आपण कोणाकोणाशी बोललो, असा संध्याकाळी विचार केला तर दूधवाल्यापुढे यादी सरकायची नाही.

चाचणीसाठी ताईंनी मलाच का निवडलं, याचं एक सुखद उत्तर मी स्वतःला देऊन ठेवलं होतं: माझी अभिरुची. शेवटी एकदा न राहवून विचारलं.

‘तुम्ही घरीच असता,’ त्या म्हणाल्या. माझा चेहरा पडलेला दिसला असावा. ‘शिवाय इतकं वाचलंय तर चार शब्द तरी असतील, असं वाटलं होतं.’

अंघोळीच्या चाचणीची पद्धत अशी की डाव्या अंगाला एक साबण आणि उजव्या अंगाला दुसरा. ‘मधली रेघ सांभाळा,’ असं त्या बजावून सांगायच्या. साठी उलटलेल्या माणसाने बाथरूममध्ये उभं राहून आपल्या पोटावरची मधली रेघ शोधणं ही किती अवघड गोष्ट आहे, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. एका रविवारी पाणी ओतेपर्यंत मी विसरलो, वाळा डावीकडे होता की उजवीकडे. पुन्हा अंघोळ करण्याऐवजी मी कल्पनाशक्ती वापरली.

‘वाळ्याने त्वचा कोरडी पडली,’ मी वर जाऊन सांगितलं. ‘डावी बाजू.’

‘मग खाजवताय उजवी का?’

त्या दिवसाचा माझा अहवाल नापास झाला.

लिप बामची हकिगत याहून वाईट आहे. थंडीत माझे ओठ फुटतात. त्यावर ताईंनी दालचिनीचा वास दिलेला एक बाम दिला. त्यात बीटाचा रंग होता, हे त्यांनी मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी लावला नसता, असं त्यांचं नंतरचं म्हणणं. त्याच दुपारी आमच्या वाचकमंडळाची बैठक होती आणि मी निबंधलेखनावर बोलणार होतो. मी बोलत होतो आणि मंडळी माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. इतकी एकाग्रता मला नोकरीतही कधी लाभली नव्हती. मी खुलत गेलो. मध्ये पाणी प्यायलो, पुन्हा बाम लावला. पाऊण तास बोललो. शेवटी आभार मानायला उठलेले गृहस्थ म्हणाले, ‘विषय जरा कोरडा होता, पण वक्त्यांनी बाकी तयारी उत्तम केली होती.’ घरी येऊन आरशात पाहिलं तेव्हा त्या वाक्याचा अर्थ लागला.

मी तणतणत वर गेलो.

‘पाणी प्यायल्यावर रंग टिकला की गेला?’ ताईंनी विचारलं.

‘टिकला,’ मी म्हणालो.

‘हे झालं उत्तर,’ त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा मला चहा दिला.

आता त्या दिवसाबद्दल लिहायला हवं. तो भाग मी बरेच दिवस टाळत आलोय.

दिवाळीच्या दीड-दोन महिने आधी ताईंना मोठं काम मिळालं. ओळखीतल्या एका बाईंना दिवाळीनंतर लगेचच्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांना द्यायला साठ साबण हवे होते. साबण ओतल्यावर महिनाभर वाळत ठेवावे लागतात, म्हणून घाई होती. ताईंनी तिळाच्या तेलाचा डबा माझ्यासमोर उघडला. ‘सांगा.’

मी हुंगलं आणि मला आमचं ग्रंथालय आठवलं. तिथल्या सागवानी कपाटांना दरवर्षी जवसाचं तेल लावायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर दार उघडलं की जो वास यायचा, तोच हा. मी गहिवरलो. म्हणालो, ‘बंद कपाट उघडल्यावर जुन्या पुस्तकांचा वास येतो ना, तसा. खोल. शांत.’

ताईंचा चेहरा उजळला. ‘इतक्या दिवसांनी बोललात बरं माणसासारखं!’

तुमच्यापासून लपवत नाही. त्या वासाला मराठीत एक साधा शब्द आहे आणि तो मला त्या क्षणीही ठाऊक होता. खवट. पण एका बाईंच्या स्वयंपाकघरात उभं राहून त्यांच्या तेलाला खवट कसं म्हणायचं? शिवाय कपाटाची उपमा मला फार आवडली होती. आयुष्यात पहिल्यांदा मी दाद मिळवली होती. ती हातची घालवायला मी तयार नव्हतो.

लग्नाच्या आठ दिवस आधी साठच्या साठ साबण परत आले.

त्या संध्याकाळी ताई स्वतः खाली माझ्याकडे आल्या. हातात एक साबण होता, वर सोनेरी फीत बांधलेली. त्यांनी तो माझ्या नाकासमोर धरला.

‘काय आहे हे?’

‘खवट आहे,’ मी म्हणालो.

‘तेल तेव्हाच खवट होतं?’

मी होकारार्थी मान हलवली.

त्या खुर्चीत बसल्या. मला वाटलं आता पुणेरी तोफखाना सुरू होईल आणि तो झाला असता तर मला बरं वाटलं असतं. त्या हळू म्हणाल्या, ‘मला वास येत नाही. तो साथीचा ताप आला होता ना, त्यानंतर गेला तो गेला. चार वर्षं झाली.’

मी त्यांच्या हातातला साबण काढून टेबलावर ठेवला.

‘कारखान्यात सगळे माझ्याकडे यायचे. ही बघेल, हिला कळेल. आता स्वतःच्या डब्यातलं तेल कळत नाही मला. तुमच्या नाकावर चालले होते मी, ग्रंथपाल. आठवड्यातून दोनदा माझं दूध करपतं. तुम्ही समोर बसलेले असता आणि बोलत नाही. मला वाटायचं, करपलं नसेल.’

खरं होतं. दूध करपल्याचा वास मला यायचा. सभ्यपणे मी विषय काढत नसे.

‘मुलीला सांगू नका,’ जाताना त्या म्हणाल्या. ‘गॅस राहिला तर कळायचं नाही म्हणून घेऊन जाईल मला. तिकडे मी काय करू? साबण तर बंदच करते आता. पण निदान माझ्या घरात राहू दे.’

दहा-बारा दिवस वरून काही ऐकू आलं नाही. भांडी नाहीत, मिक्सर नाही. मी पुस्तक उघडून बसायचो आणि पान उलटायचं राहून जायचं. लोकांच्या परीक्षांसाठी पुस्तकं काढून देण्यात माझी हयात गेली, आणि मला स्वतःला एक शब्द उच्चारायचा होता तेव्हा मी कपाटाआड लपलो होतो. असं काहीतरी मनात यायचं. मग वाटायचं, हीसुद्धा उपमाच झाली, आणि आणखी लाज वाटायची.

एका सकाळी दूध करपल्याचा वास जिन्यातून खाली आला. मी वर गेलो आणि बेल दाबली.

‘ताई, तुमचं दूध करपलंय.’

त्या तशाच वळल्या. आत जाऊन गॅस बंद करून आल्या.

‘आणि चिक्कार करपलंय,’ मी म्हणालो. ‘पातेलं घासायला दोन दिवस लागतील.’

‘या आत,’ त्या म्हणाल्या.

मुलीला न कळवण्याच्या बदल्यात मी दोन अटी सांगितल्या. घरात गॅसचा वास ओळखणारं यंत्र बसवायचं आणि साबण बंद करायचे नाहीत. यंत्र त्यांनी मुकाट्याने बसवून घेतलं. साबणाचं ‘बघू’ म्हणाल्या आणि पुढच्याच आठवड्यात मेण वितळवायला घेतलं.

तिथून माझी खरी नोकरी सुरू झाली. मी रोज सकाळी नऊला हजर व्हायचो आणि तोंडाला येईल ते बोलायचो. ‘याला ओल्या घोंगडीचा वास येतोय.’ ‘हा बाम ओठांना लावला की डोकं दुखल्यासारखं वाटतं, इतकं निलगिरी तेल.’ एका गुलाबाच्या साबणाला मी ‘लग्नाच्या हॉलचं स्वच्छतागृह’ म्हणालो, तेव्हा त्या हसता हसता स्टुलावर बसल्या. हसताना पदर तोंडाला लावायच्या. तो साबण त्यांनी किसून कपडे धुवायला घेतला. पत्नी गेल्यानंतर मी इतकं खरं कोणाशी बोललो नव्हतो. कदाचित ती असतानाही नाही. तिच्या आमटीला मी तीस वर्षं छान म्हणत आलो होतो.

एकदा सोनचाफ्याचा साबण तयार झाला. ताईंनी तो स्वतःच्याच नाकाशी धरला. नंतर डोळे मिटून म्हणाल्या, ‘आता आठवतच नाही नीट. चाफा सांगा मला.’

मी साबण हातात घेऊन दोनदा हुंगला. ‘आधी गोड येतो. मग जरा पिकलेल्या केळ्यासारखा. आणि शेवटी चहाच्या कोरड्या पत्तीसारखं काहीतरी राहतं.’

‘केळ्यासारखा,’ त्या म्हणाल्या. ‘हो. केळ्यासारखाच.’ पण डोळे लगेच उघडले नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात मी आठ दिवस साताऱ्याला बहिणीकडे गेलो होतो. सहाव्या दिवशी सोसायटीतून फोन आला. ताई सकाळी भाजी आणायला उतरत होत्या, दम लागला म्हणून पायरीवर बसल्या. शेजारची मंडळी पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यांच्या तेराव्याच्या आदल्या दिवशी मुलीने मला वर बोलावलं. गॅलरीतल्या फळीवर कागद अंथरून साबण वाळत ठेवले होते, चोवीस. कागदावर ताईंच्या अक्षरात ‘सोनचाफा’ आणि तारीख. मी साताऱ्याला निघालो त्याच्या दुसऱ्या दिवशीची.

‘आईचे शेवटचे, काका,’ मुलगी म्हणाली. ‘थोडे दिवस वाळवून मग नातेवाइकांना एकेक द्यावा म्हणते. तिच्या हातचा. छान झालेत ना?’

मी एक उचलला. हुंगला. दुसरा उचलला. मुलगी वाट बघत होती. तिचे डोळे सुजलेले होते आणि तिला हवा असलेला शब्द अगदी सोपा होता.

‘याला वासच नाही,’ मी म्हणालो. ‘चाफ्याचं तेल घालायचं राहून गेलंय.’

‘असं कसं राहील? आईचं? तिला लगेच कळलं असतं.’

मग मला सांगावं लागलं. ताप, चार वर्षं, दूध, यंत्र. यंत्र तिने पाहिलं होतं. आईने ते सोसायटीने सक्तीने बसवलं असं सांगितलं होतं. सगळं ऐकून ती म्हणाली, ‘आणि तुम्ही मला एक फोन केला नाहीत?’

‘त्यांनी करू नका म्हटलं होतं.’

‘मी तिला घेऊन गेले असते.’

‘म्हणूनच,’ मी म्हणालो.

तिने गॅलरीचा कठडा धरून माझ्याकडे पाठ फिरवली. माझ्यावर रागावली असेल तर ते योग्यच होतं. मग तिने ते साबण गोळा केले, एका पिशवीत भरले आणि माझ्या हातात दिले. ‘तुम्ही न्या. लोकांना द्यायला नकोत. तिने दिले नसते.’

महिना उलटल्यावर मी त्यातला पहिला साबण काढला. अंगभर एकच साबण लावायचा होता, त्यामुळे घाई नव्हती. फेस भरपूर आला, मऊ, पांढरा. मी ओंजळ नाकाशी नेली. वीसपर्यंत मोजलं, मग शंभरपर्यंत मोजलं. वास येणार नव्हता हे मला ठाऊक होतं, तरी बादलीतलं पाणी गार होईपर्यंत मी तसाच उभा होतो.